शर्यतीचा हिशेब गाडीच्या किमतीपासून सुरू करू नये

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

विषय : हौशी मोटारसायकल शर्यतीत उतरू पाहणाऱ्या खानदेशातील तरुणांचे व त्यांच्या पालकांचे पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक

महोदय,

महामार्गावर रात्री मोटारसायकलींची शर्यत लावणाऱ्या तरुणांवर पोलिसांनी केलेल्या कारवाईची बातमी आपल्या दैनिकाच्या जळगाव आवृत्तीत आली आणि त्यानंतर वाचकांची काही पत्रेही छापली गेली. बहुतेक पत्रांत त्या मुलांना दूषणे होती. एका पत्रात मात्र त्यांना एवढी हौस असेल तर त्यांनी ट्रॅकवर जाऊन शर्यत करावी, असा सल्ला होता. हा सल्ला योग्यच आहे. परंतु ट्रॅकवर जायचे म्हणजे नेमके कुठे जायचे, तिथे काय लागते आणि त्याला पैसे किती पडतात, हे त्या मुलांना किंवा त्यांच्या आईवडिलांना कोणी सांगितलेले नाही. मी अमळनेर येथे एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात नोकरी करून निवृत्त झालो असून, माझा भाचा गेल्या काही हंगामांपासून हौशी गटात शर्यती करतो आणि त्याच्या खर्चाची वही मी सांभाळतो. या दोन्ही अनुभवांच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले तरी आपण छापावे, ही विनंती.

रस्त्यावरच्या शर्यतीविषयी एकच गोष्ट नोंदवून पुढे जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ खाली पालकावर किंवा वाहनमालकावर २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत वाहन परवाना मिळत नाही. लेकराच्या हाती गाडीची किल्ली देण्यापूर्वी हे कलम घरातल्या सर्वांनी एकदा वाचावे.

आता मूळ मुद्दा. शर्यतीची हौस असलेला मुलगा आणि त्याचे वडील कर्जासाठी समोर येऊन बसत, तेव्हा त्यांच्या हातात शोरूमचे कोटेशन असे आणि शर्यतीचा एकूण खर्च म्हणजे त्या कोटेशनवरचा आकडा, असे दोघेही धरून चालत. तीनशे सीसीच्या आसपासची स्पोर्ट्स मोटारसायकल आज रस्त्यावर येईपर्यंत साधारण तीन लाखांच्या घरात जाते. हे ३ लाख रुपये १२ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर दरमहा जवळपास १० हजार रुपयांचा हप्ता बसतो आणि मुदतीअखेर व्याजापोटी ५८ हजारांहून अधिक रक्कम गेलेली असते. अनेक घरांत तर वाहनकर्जाच्या जोडीला आईच्या पोतीवर किंवा पाटल्यांवर सोनेतारण घेतले जाते. एवढे करून गाडी दारात उभी राहते आणि तिथून पुढे ट्रॅकवर जाण्यासाठी घरात एक रुपयाही उरलेला नसतो. मग ती गाडी जिथे फुकट पळवता येते तिथे पळते, आणि ती जागा म्हणजे महामार्ग. पोलिसांनी पकडलेल्या मुलांची घरे मी पाहिलेली नाहीत, परंतु त्या हप्त्यांचे गणित मला ठाऊक आहे.

ज्याने केळीची बाग लावली आहे, त्याला रोपांची किंमत म्हणजे बागेचा खर्च नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही. ठिबक, खते, मजुरी, वीज आणि घड पक्व होईपर्यंतचे बारा-तेरा महिने यांचा हिशेब तो आधी मांडतो. शर्यतीतही गाडी ही रोपाच्या जागी आहे. उलट मी याहून पुढे जाऊन असे म्हणेन की, पहिल्या वर्षी गाडी विकतच घेऊ नये. त्याच पैशांत गाडीवाचून शर्यतीचा पहिला हंगाम नीट पार पडतो, हे पुढील आकड्यांवरून दिसेल. हे आकडे आजच्या बाजारातील ढोबळ अंदाज आहेत. कंपनी, शहर आणि हंगाम यांप्रमाणे त्यांत फरक पडेल, म्हणून प्रत्येकाने स्वतः दर मागवावेत.

पहिला खर्च अंगावरच्या कवचाचा आहे आणि त्यात काटकसर करू नये. ट्रॅकवर चामड्याचा अखंड सूट लागतो. पँट आणि जॅकेट वेगळे असलेले कापडी कपडे, बाजारात त्यांच्यावर ‘रेसिंग’ असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरी, तिथे उपयोगाचे नाहीत. भारतीय बनावटीचा बरा सूट ३५ ते ६० हजार रुपयांत मिळतो. तो घेताना आतून उलटा करून पाहावा. खांदे, कोपर, नितंब व गुडघे या जागी शिवणीच्या दोन-तीन ओळी आहेत की एकच, आतली संरक्षक गादी नीट बसते की हात हलवताच सरकते, आणि गादीवर युरोपीय मानकाचे चिन्ह आहे की नाही, हे हाताने चाचपून पाहण्याचे आहे. घसरलेला स्वार डांबरावरून लांबवर घासत जातो, आणि चामडे जाड असूनही शिवण उसवली तर सूट असून नसल्यासारखा होतो. अंगाला घट्ट बसणारा सूट उभे राहिल्यावर अवघडल्यासारखा वाटतो, म्हणून आपली मुले एक माप मोठा घेतात. ते चुकीचे आहे, कारण सूटाची बेतणी गाडीवर वाकून बसलेल्या अंगासाठी असते. दुकानातच गाडीवर बसून तो अंगावर पाहावा.

हेल्मेट १२ ते ३० हजार रुपयांचे धरावे. हनुवटीखाली खटकन लागणाऱ्या क्लिपचे हेल्मेट नको. ज्याचा पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळायचा असतो, असेच घ्यावे. एकदा जोराचा आघात बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला थर्मोकोल दबलेला असतो, म्हणून ते पुन्हा वापरायचे नाही. आणि याच कारणासाठी कोणाचे वापरलेले हेल्मेट स्वस्तात घ्यायचे नाही. सूट, बूट एखाद्या जुन्या स्पर्धकाकडून पारखून घेता येतात, हेल्मेट मात्र नवेच हवे. मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे ५ ते १० हजार, घोट्याला आधार देणारे शर्यतीचे बूट १२ ते २५ हजार, पाठीचे व छातीचे संरक्षक मिळून ६ ते १२ हजार. सर्वांची बेरीज कमीत कमी ७० हजार आणि सढळ हाताने घेतल्यास १ लाख ३७ हजार रुपये होते. मध्यम वस्तू निवडणाऱ्याने ८५ हजार रुपये बाजूला काढावेत. ही सामग्री व्यवस्थित सांभाळली आणि मोठी पडझड झाली नाही, तर पुढच्या हंगामातही कामी येते, हे लक्षात घेतले म्हणजे हा खर्च तेवढा डोळ्यांवर येत नाही.

त्यानंतर प्रशिक्षण. चेन्नई व कोइमतूर येथील ट्रॅकवर नवशिक्यांसाठी दोन दिवसांची शिबिरे होतात. शुल्क १५ ते २५ हजार रुपयांच्या दरम्यान असते आणि बऱ्याच ठिकाणी त्यात शिबिरापुरती गाडीही मिळते. सातपुड्यात तोरणमाळच्या घाटात किंवा चाळीसगावच्या वर कन्नडच्या घाटात वेगाने गाडी वळवणाऱ्या मुलाला आपल्याला सर्व येते असे वाटते, पण ट्रॅकवर पहिल्या दिवशी त्याला नजर कुठे ठेवायची इथपासून शिकावे लागते. घाटात वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसते, म्हणून हात आपोआप आखडता राहतो. ट्रॅकवर तेच वळण दिवसभर पुन्हा पुन्हा घ्यायचे असते, ब्रेक कुठे सोडायचा याच्या खुणा ठरवायच्या असतात आणि मागे-पुढे इतर स्वार असताना आपली रेषा न सोडण्याची सवय लावायची असते. पिवळा झेंडा दिसला की ओलांडणे बंद, लाल झेंडा दिसला की वेग उतरवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, परत, हे नियम अंगवळणी पडल्याशिवाय शर्यतीत उतरणे म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्याच्याही जिवाशी खेळणे होय. माझ्या मते शिबिराचा हा खर्च अंदाजपत्रकातील सर्वांत मोलाचा आहे, कारण दोन दिवसांनंतर मुलाला स्वतःलाच कळते की आपल्याला हे खरोखर करायचे आहे की केवळ तसे वाटत होते. तिथेच थांबावेसे वाटले तर घरावर कोणताही हप्ता राहिलेला नसतो.

आपल्या देशात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, ही संघटना करते आणि स्पर्धकाला तिचा परवाना घ्यावा लागतो. आरटीओचा वाहन परवाना वेगळा आणि हा वेगळा. त्यासाठी वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो, रक्तगटाची नोंद लागते आणि अल्पवयीन मुलासाठी पालकांची लेखी संमती लागते. परवाना, तपासण्या व कागदपत्रे मिळून ५ हजार रुपये धरून ठेवावेत.

गाडी कोणाची, हा प्रश्न आता येतो आणि बहुतेक घरांचे अंदाजपत्रक इथेच बिघडते किंवा सावरते. काही वाहन कंपन्या एकाच प्रकारच्या गाड्यांची स्पर्धा भरवतात. टीव्हीएसची अशी स्पर्धा १९९४ पासून चालू आहे, रॉयल एनफिल्डच्या कॉन्टिनेंटल जीटी गाड्यांची स्पर्धा जेके टायरच्या साथीने २०२१ पासून होते. या स्पर्धांत निवडचाचणी असते, ट्रॅकवर नोंदलेल्या वेळेवरून स्पर्धक निवडले जातात आणि निवड झालेल्याला गाडी, टायर व मेकॅनिक आयोजकांकडून मिळतात. सर्वांच्या गाड्या सारख्याच असल्यामुळे कोणाच्या वडिलांनी किती पैसे ओतले यावर निकाल ठरत नाही. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय व शेतकरी घरातील मुलासाठी यापेक्षा चांगला दरवाजा मला तरी माहीत नाही. पालकांनी फक्त दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : प्रवेशशुल्कात नेमके काय येते, आणि पडल्यावर गाडीच्या दुरुस्तीचा खर्च स्पर्धकाकडून वसूल होतो का.

निवड झाली नाही तर दुसरा मार्ग भाड्याच्या गाडीचा. ट्रॅकच्या आसपास काम करणारे संघ शर्यतीची तयार गाडी एका फेरीपुरती, म्हणजे हंगामातील शुक्रवार ते रविवारच्या एका स्पर्धेपुरती, मेकॅनिकसह भाड्याने देतात. प्रवेशशुल्क धरून एका फेरीचे ३० हजार रुपये मांडले तर ते फार चुकणार नाहीत. मोठ्या गाड्यांच्या गटात हा आकडा बराच वर जातो. इथेही करार कागदावर हवा, कारण पडझडीचा भार भाडेकऱ्यावर असतो.

स्वतःची गाडी हा तिसरा मार्ग असून, शोरूममधून निघालेली गाडी जशीच्या तशी शर्यतीत चालत नाही, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळते. शर्यतीआधी तांत्रिक तपासणी होते. इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मी ती जवळून पाहिली आहे. तपासनीस गाडीच्या बाजूला उकिडवे बसून आधी इंजिनखाली हात घालतात आणि ऑइल सोडण्याचा नटबोल्ट तारेने बांधलेला आहे का ते बोटांनी चाचपतात. तार नसेल तर गाडी रांगेतून बाहेर काढली जाते, कारण तो बोल्ट धावताना सैल झाला तर ट्रॅकवर तेल सांडून मागचे दहा जण आडवे होतील. मग रेडिएटरमध्ये साधे पाणीच आहे ना, कूलंट तर नाही ना, हे पाहतात, कारण कूलंट सांडले तर तेलासारखेच निसरडे होते. ब्रेक व क्लचच्या लीव्हरची टोके गोळीसारखी गोल लागतात, हँडलची उघडी टोके बुजवलेली लागतात. साइड स्टँड, आरसे, इंडिकेटर, हेडलाइट उतरवलेले लागतात. यांतले एकेक काम किरकोळ वाटते, पण ब्रेकच्या जाळीदार नळ्या, शर्यतीचे ब्रेक पॅड, फायबरचे आवरण आणि सस्पेन्शनची जुळवणी मिळून गाडीच्या किमतीवर आणखी मोठी रक्कम चढते. शिवाय अशी गाडी परत रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे तीन लाखांचे वाहन कॉलेजला जाण्याच्या किंवा शेतावर जाण्याच्या उपयोगाचे राहत नाही आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

टायरचा खर्च तर नवख्यांच्या हिशेबात नसतोच. शर्यतीच्या मऊ टायरांची जोडी दहा हजारांच्या पुढे जाते आणि रस्त्यावरच्या टायरांप्रमाणे ती वर्षानुवर्षे टिकत नाही. एक-दोन फेऱ्यांत तिची पकड उतरते. साधी घसरण झाली तरी हँडलचा एक भाग, लीव्हर, पाय ठेवण्याचा दांडा, गिअरचा दांडा आणि आवरण यांतले काहीतरी मोडतेच. म्हणून पडझडीसाठी ३० हजार रुपये वेगळे ठेवावेत आणि ते दुसऱ्या कशासाठीही वापरू नयेत.

खानदेशातल्या स्पर्धकाला लागू होणारा, पण पुण्या-बंगळूरच्या स्पर्धकाने लिहिलेल्या हिशेबात न सापडणारा खर्च म्हणजे अंतर. देशातील कायमस्वरूपी शर्यतीचे जुने ट्रॅक दक्षिणेत आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टई येथे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. उत्तरेत ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटर लांबीचा बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅक २०११ मध्ये सुरू झाला. आपल्या शेजारी पीथमपूरला मोटारींच्या चाचण्यांसाठी ११.३ किलोमीटरचा मोठा ट्रॅक आहे, परंतु तो वाहन उद्योगासाठी बांधलेला असून हौशी शर्यतींची जागा नव्हे. त्यातल्या त्यात आपली सोय अशी की, अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ अशी आपल्या दारावरूनच जाते. स्पर्धक आणि सोबत एक मोठे माणूस, असे दोघे धरू. तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्याची जाण्या-येण्याची चार तिकिटे मिळून सुमारे ७ हजार, श्रीपेरुंबुदूरकडे चार रात्रींच्या मुक्कामाचे आणखी ७ हजार आणि जेवण, रिक्षा, सामानाची ने-आण यांचे ६ हजार, म्हणजे एका फेरीला २० हजार रुपये लागतात. शुक्रवारी सराव, शनिवारी वेळनोंदणी व शर्यत आणि रविवारी पुन्हा शर्यत असा साधारण क्रम असल्याने नोकरी करणाऱ्याच्या रजाही जातात. सोबतचे माणूस खर्च वाचवण्यासाठी गाळू नये. मुलगा पडला तर फॉर्मवर सही करायला, डॉक्टरांशी बोलायला आणि त्याला घरी आणायला कोणीतरी हवे. भुसावळच्या मे महिन्याची सवय असलेल्या मुलालाही चामड्याच्या सूटात चेन्नईची दमट हवा सोसत नाही. दर अर्ध्या तासाने मीठ-साखरेचे पाणी हातात देणारे माणूस तिथे लागतेच.

ट्रॅकला सहा चकरा मारण्याची शर्यत धरली तर ट्रॅकवरचे अंतर जेमतेम बावीस किलोमीटर भरते. एवढ्यासाठी एवढा खर्च का, असा प्रश्न माझ्या बहिणीने विचारला होता आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, त्या बावीस किलोमीटरांत समोरून ट्रॅक्टर येत नाही, गुरे आडवी येत नाहीत, कठड्याऐवजी मोकळी माती असते, प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस उभा असतो आणि रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून तयार असते. पैसे त्याचे आहेत.

तरीही हा खेळ धोक्याचा आहे आणि ही बाब पालकांपासून कोणी लपवू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये याच चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळूरच्या १३ वर्षांच्या स्पर्धकाचा शर्यतीत पडून मृत्यू झाला. २०१५ मध्ये वाळवंटातली लांब पल्ल्याची डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरलेले सी. एस. संतोष यांना जानेवारी २०२१ मध्ये त्याच रॅलीत डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि डॉक्टरांना त्यांना काही काळ औषधांच्या साहाय्याने बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. हौशी गटात सर्वाधिक आढळणारी दुखापत मनगटाची व खांद्याजवळच्या हाडाची. शस्त्रक्रिया करून हाडाला धातूची पट्टी बसवायची वेळ आली तर जिल्ह्याच्या ठिकाणीही खर्च लाखाच्या जवळ जाऊ शकतो आणि पुढचे दीड-दोन महिने हात कामाचा राहत नाही. रोजच्या मिळकतीवर घर चालवणाऱ्या मुलाने ते दीड-दोन महिनेही खर्चात धरले पाहिजेत.

विम्याबाबत तर मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगेन की, पॉलिसीचा कागद पूर्ण वाचा. मोटारसायकलच्या नेहमीच्या विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. त्यामुळे ट्रॅकवर झालेल्या नुकसानीचा दावा मान्य होत नाही. आरोग्य विम्याच्या ठरावीक अटींत मोटार शर्यतीसारख्या साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने झालेला उपचारखर्च वगळलेला आहे. ‘व्यावसायिक म्हणून’ या शब्दांचा हौशी स्पर्धकाच्या बाबतीत आपली कंपनी काय अर्थ लावते, हे पडल्यानंतर नव्हे तर आधी, आणि तोंडी नव्हे तर ई-मेलवर विचारावे. वैयक्तिक अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींत शर्यत सरसकट वगळलेली असते. स्पर्धेच्या परवान्यासोबत किंवा प्रवेशासोबत काही संरक्षण मिळत असेल तर त्याची रक्कम व अटीही लेखी घ्याव्यात. हे सर्व करूनही उपचारासाठी ५० हजार रुपये रोख हाताशी असावेत.

आता बेरीज मांडतो. सामग्री ८५ हजार, प्रशिक्षण २० हजार, प्रशिक्षणासाठीचा प्रवास २० हजार, परवाना व तपासण्या ५ हजार, भाड्याच्या गाडीवर दोन फेऱ्यांचे ६० हजार, त्या दोन फेऱ्यांचा प्रवास ४० हजार, पडझडीची राखीव रक्कम ३० हजार आणि उपचाराची राखीव रक्कम ५० हजार. एकूण ३ लाख १० हजार रुपये. शोरूममधल्या एका गाडीच्या किमतीत मुलाचे प्रशिक्षण होते, अंगावर पूर्ण कवच येते, दोन राष्ट्रीय दर्जाच्या फेऱ्या होतात, आणि सुदैवाने पडझड झाली नाही तर ८० हजार रुपये शिल्लक राहतात. कंपनीच्या स्पर्धेत निवड झाली तर भाड्याच्या साठ हजारांतलेही बरेचसे वाचतात. गाडी घेऊन सुरुवात करणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागत नाही.

ज्यांना तीन लाख हा आकडाच आवाक्याबाहेरचा आहे, त्यांनी मातीच्या ट्रॅकवरील शर्यतींचा विचार करावा. अशा शर्यतींच्या, म्हणजे सुपरक्रॉसच्या, फेऱ्या पुण्यात व नाशिकला झालेल्या आहेत. धुळ्याहून नाशिक सकाळी निघून गाठता येते आणि मुक्कामाचा खर्चही कमी होतो. नवोदितांच्या गटात कमी ताकदीच्या, जुन्या गाड्याही चालतात. चामड्याच्या सूटाऐवजी इथे छाती-पाठीचे कडक कवच, गुडघ्यांचे ब्रेस, गॉगल आणि उंच बूट लागतात. मातीवर पडणे वारंवार होते, पण वेग कमी असल्याने शिकण्याची संधीही वारंवार मिळते. डांबरी ट्रॅकवर पुढे नाव काढायचे असले तरी मातीवर घालवलेले एक वर्ष वाया जात नाही, हे माझ्या भाच्याच्या गाडीवरील तोल पाहून मी सांगू शकतो.

मुलींविषयीही लिहिले पाहिजे, कारण आमच्या घरी या विषयावर चर्चा झाली तेव्हा भाचीने विचारले होते की हा हिशेब माझ्यासाठीही आहे का. आहे, आणि अगदी तसाच आहे. राष्ट्रीय पातळीवर मुलींसाठी स्वतंत्र गट आहेत. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या बाहा, म्हणजे खडतर मैदानी रॅलींच्या, विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळवले.

प्रायोजकांच्या भरवशावर कोणी पहिले वर्ष आखू नये. गावातले बी-बियाण्यांचे दुकानदार, केळीचे व्यापारी, सराफ कौतुकाने पाठ थोपटतात, गाडीवर आमचे स्टिकर लाव म्हणतात, आणि रक्कम हातात येण्याआधीच घरात त्या पैशांची वाटणी सुरू होते. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी अशी गत मी एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. आलेली मदत आदराने घ्यावी, तिची पावती द्यावी, पण अंदाजपत्रकाच्या जमा बाजूला ती बँकेत जमा झाल्यावरच लिहावी.

आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. क्रीडा पानावर एखाद्या स्थानिक मुलाने शर्यतीत यश मिळवल्याची बातमी येते, तेव्हा त्याच्या छायाचित्राखाली तो कोणत्या गटात, कोणाच्या गाडीवर आणि कोणाच्या खर्चाने उतरला होता, एवढी माहितीही छापावी. ती वाचून दहा घरे योग्य रस्ता विचारतील. तसेच जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी व औद्योगिक वसाहतीतील उद्योजकांनी मिळून वर्षातून एक-दोनदा एखादे बंदिस्त मैदान, रुग्णवाहिका आणि अनुभवी प्रशिक्षक यांची सोय केली, तर ब्रेक लावण्याचा व वळण घेण्याचा प्राथमिक सराव इथेच होऊ शकेल आणि चेन्नईची एक वारी वाचेल.

गुढीपाडवा जवळ आला आहे. कापसाचे पैसे हाती आलेल्या घरांतून या मुहूर्तावर मोटारसायकलींची नोंदणी होते आणि आगाऊ रकमा याच दिवसांत भरल्या जातात. राष्ट्रीय हंगाम साधारणपणे जून-जुलैच्या सुमारास सुरू होतो. मापाचा सूट शिवून यायला काही आठवडे लागतात, प्रशिक्षणाच्या जागा आधीच भरतात आणि निवडचाचण्याही हंगामाच्या तोंडावर होतात. म्हणून ज्या घरात शर्यतीसाठी म्हणून गाडी घेण्याचा विचार चालू असेल, त्यांनी ती आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी वरील आकडे स्वतःच्या वहीत मांडून पाहावेत, यासाठी हे पत्र पाडव्याच्या आधी प्रसिद्ध करावे.

आपला विश्वासू,
पतसंस्थेचा एक निवृत्त कर्ज अधिकारी,
अमळनेर, जि. जळगाव